रिॲलिटी शोमधील कृष्णवर्णीय स्त्री कशी पाहावी: मराठवाड्यातील अभ्यासगटांसाठी एक पद्धत

परभणीतील आमच्या अभ्यासगटात एका रविवारी दुपारी मी एका अमेरिकन रिॲलिटी शोमधील चार मिनिटांचा तुकडा लावला होता. लॅपटॉपचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडत होता आणि इंग्रजी इतक्या वेगाने बोलले जात होते की कोणालाच नीट अर्थ लागत नव्हता. तरीही दुसऱ्याच मिनिटाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "किती तोंडाळ बाई आहे ही." खोलीत बसलेल्या अकरा जणींपैकी एकीनेही तिला हटकले नाही. मी तुकडा थांबवला आणि ती बाई नेमके काय बोलली, असे विचारले. कोणालाही सांगता आले नाही. मग ती तोंडाळ आहे हे कशावरून ठरले, हा प्रश्न पुढचा दीड तास चालला आणि त्या चर्चेतून पुढील दोन वर्षांत एक पद्धत हळूहळू तयार झाली.

ही पद्धत महाविद्यालयातील शिक्षक, ग्रंथालयात काम करणारी मंडळी आणि महिला मंडळे यांना वापरता यावी म्हणून सविस्तर लिहीत आहे. हिंगोली किंवा धाराशिवच्या मुलीच्या मोबाइलवर आज अमेरिकन शोमधील भांडणांचे तुकडे सहज येऊन पडतात. तिने प्रत्यक्षात एकाही कृष्णवर्णीय स्त्रीशी कधी दोन शब्द बोललेले नसतात, आणि म्हणून अर्ध्या मिनिटाचा तो तुकडाच तिच्यासाठी साऱ्या समाजाची ओळख होऊन बसतो. ती ओळख कोणी घडवली आणि ज्या स्त्रीची ती आहे तिने त्यावर काय केले, हे दोन प्रश्न एकत्र विचारणे हा या पद्धतीचा गाभा आहे. पहिला प्रश्न विचारून थांबले तर ती स्त्री निव्वळ बिचारी ठरते. दुसराच विचारला तर सारा भार तिच्या एकटीच्या स्वभावावर पडतो.

गट जमवण्यापूर्वी

आठ ते बारा जणींचा गट पुरेसा असतो. त्याहून मोठा झाला की दोघी-तिघीच बोलतात आणि बाकीच्या माना डोलावतात. सगळ्याच महाविद्यालयीन मुली नसाव्यात. एखादी आई, आत्या, अंगणवाडी सेविका किंवा बचतगटातील बाई आवर्जून असावी, कारण घरातल्या भांडणात कोणी कोणाला आधी डिवचले हे त्यांना शब्दांवाचून ओळखता येते आणि तेच कौशल्य येथे सर्वाधिक कामाला येते. दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठरवाव्यात. वाहिन्यांनी स्वतः यूट्यूबवर ठेवलेले तुकडे किंवा रीतसर वर्गणी भरलेल्या ॲपवरील भाग वापरावेत. भारनियमनाची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण तुकडा मध्येच तुटला की आधीची नजर पुन्हा जमवायला वेळ लागतो.

पहिल्या बैठकीची पहिली वीस मिनिटे शब्दांसाठी राखून ठेवावीत. जुन्या मराठी पुस्तकांत आणि अनुवादांत 'निग्रो' हा शब्द सर्रास आढळतो. तो आज अपमानकारक मानला जातो, म्हणून वापरू नये. 'कृष्णवर्णीय' हा शब्द लेखनात आणि बोलण्यातही चालतो. 'काळी' या शब्दावर मात्र गटात मोकळेपणाने बोलावे. आपल्याकडे काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. काळीला आपण आई म्हणतो, पेरणीआधी तिची पूजा करतो, आणि तोच शब्द मुलीच्या रंगासाठी उच्चारताना घरातले सगळे आवाज खाली आणतात. आमच्या गटातील एका बाईंनी हे सांगितले तेव्हा काही काळ कोणी बोलले नाही. अमेरिकेतील वर्णभेदावर बोलण्याची तयारी त्या शांततेत जितकी झाली, तितकी माझ्या व्याख्यानातून झाली नसती.

'हबशी' हा शब्दही पुढे येतो आणि तो आल्यावर मलिक अंबरची आठवण करून द्यावी. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेणारा हा माणूस 1610 मध्ये खडकी हे शहर वसवतो. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने बांधवलेली नहर आपल्या पुस्तकांत आहे, त्याची कबर खुलताबादला आहे. मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या शहराचा पाया एका आफ्रिकी माणसाने घातला, हे ठाऊक असलेली मुलगी कृष्णवर्णीय माणसाकडे निव्वळ पडद्यावरचा नमुना म्हणून पाहत नाही.

मुखवट्यांची यादी कधी द्यावी

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी 1990 मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांविषयीच्या काही ठरीव प्रतिमांची मांडणी केली. या प्रतिमा समाजाला त्या स्त्रियांवर ताबा ठेवायला उपयोगी पडतात, असे त्यांचे म्हणणे. गोऱ्या मालकाच्या मुलांवर स्वतःच्या मुलांपेक्षा अधिक माया करणारी दाई ही त्यातली पहिली. पुरुषाला घरात टिकू न देणारी कर्ती बाई ही दुसरी. सरकारी मदतीवर जगून मुले वाढवत जाणारी आई ही तिसरी, आणि वासनेची पुतळी ही चौथी. शेवटची प्रतिमा गुलामगिरीच्या काळात फार सोयीची होती, कारण गुलाम स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या मालकाचा दोष ती त्या स्त्रीच्याच माथी मारत असे. पहिली प्रतिमा किती खोल रुजली होती हे एका घटनेवरून समजावे: ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार हॅटी मॅकडॅनियल हिला तो सन्मान 1940 मध्ये दाईच्याच भूमिकेसाठी मिळाला आणि त्या समारंभात तिला इतर कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले.

या चार प्रतिमांच्या जोडीला रिॲलिटी शोमध्ये सर्वाधिक दिसणारी पाचवी प्रतिमा आहे ती संतापी, कजाग बाईची. 1928 मध्ये सुरू झालेल्या 'अमॉस अँड अँडी' या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमात नवऱ्याला सतत फैलावर घेणारी सॅफायर नावाची बायको होती. तिचेच नाव या प्रतिमेला पडले. त्या कार्यक्रमातील दोन्ही प्रमुख कृष्णवर्णीय पुरुषांचे आवाज गोऱ्या नटांचे होते, हेही सांगावे.

ही यादी पहिल्या बैठकीत वाटू नये. मी सुरुवातीला ती छापून वाटली होती आणि परिणाम उलटा झाला: मुली प्रत्येक स्त्रीच्या कपाळावर एकेक नाव चिकटवू लागल्या, ही सॅफायर, ती दाई, आणि त्या स्त्रियांकडे पाहणेच थांबले. आधी पाहू द्यावे, त्यांचे स्वतःचे शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत आणि दुसऱ्या बैठकीच्या शेवटी ही मांडणी समोर ठेवावी. आमच्या फळ्यावर तोंडाळ, कजाग, आगाऊ, भांडखोर, नखरेल आणि 'कशालाच न भिणारी' असे शब्द जमले होते. शेवटचा शब्द कौतुकाचा की निंदेचा, यावर दोन तट पडले आणि ते पडू द्यावेत.

संकलनाची यंत्रणा समजावून सांगणे

रिॲलिटी शो उत्स्फूर्त असतो, हा समज मोडण्यासाठी लांबलचक भाषणाची गरज नाही. 2006 च्या उन्हाळ्यात 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या मॉडेल निवडण्याच्या स्पर्धेच्या कार्यक्रमात चित्रीकरणातून कथा जुळवणाऱ्या 12 कर्मचाऱ्यांनी आपल्याला लेखक म्हणून मान्यता मिळावी आणि लेखकसंघाचे संरक्षण मिळावे, यासाठी संप केला होता. ज्या कार्यक्रमाला संहिता नाही असे सांगितले जाते, त्याची कथा रचणारी माणसे रस्त्यावर फलक घेऊन उभी राहिली, एवढी एक गोष्ट सांगितली की गटाला पुढचे आपोआप उलगडू लागते.

तीन गोष्टी मात्र नीट दाखवाव्या लागतात. पहिली म्हणजे स्पर्धकाने कॅमेऱ्यासमोर एकटीने बसून दिलेली मुलाखत. ती पुष्कळदा प्रसंग घडून गेल्यावर, कधी बऱ्याच दिवसांनी घेतली जाते आणि प्रसंगाच्या मध्ये अशी बसवली जाते की ती त्या क्षणीच बोलते आहे असे वाटावे. केस, कानातले आणि कपडे यांकडे लक्ष ठेवले की वेळेतला हा फरक पकडता येतो. आमच्या गटातील बायका तो माझ्याआधी पकडतात. दुसरी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या वेळी उच्चारलेले शब्द जोडून तयार केलेले वाक्य. आम्ही त्याला ठिगळाचे वाक्य म्हणतो. बोलणारीचा चेहरा दिसत नसताना तिचा आवाज ऐकू आला आणि मध्येच त्या आवाजाची पट्टी बदलली, तर तेथे ठिगळ असण्याची शक्यता धरावी. मात्र खात्रीने आरोप करू नये, कारण आपल्यापाशी मूळ चित्रीकरण नसते. तिसरी गोष्ट म्हणजे करार. सहभागी व्यक्ती निर्मात्यांना आपले चित्रीकरण हवे तसे कापण्याचा आणि हवे तसे मांडण्याचा अधिकार लिहून देते, त्यामुळे नंतर 'मला चुकीचे दाखवले' अशी तक्रार घेऊन न्यायालयात जाणे तिला अवघड होते.

त्याआधी निवड असते. घरात वीस जणी आणि त्यात एक किंवा दोन कृष्णवर्णीय असतील, तर त्या एकीचे वागणे साऱ्या समाजाच्या खात्यात जमा होते. उरलेल्या अठरा जणींना आपापल्या स्वभावाने वागण्याची मुभा राहते. अनेक स्पर्धकांमधून एकाने जोडीदार निवडायचा, अशी 'द बॅचलर' ही मालिका 2002 मध्ये सुरू झाली आणि तिच्या जोडकार्यक्रमांसह पाहिले तरी निवड करणाऱ्याच्या मुख्य स्थानी पहिली कृष्णवर्णीय स्त्री आली ती 2017 मध्ये. व्यवसायाने वकील असलेल्या रेचल लिंडसे यांना तो मान मिळायला पंधरा वर्षे लागली.

वहीत काय लिहावे

प्रत्येकीने वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: वेळ, काय दिसले, काय ऐकू आले, आणि हे आपल्याला कोणी सांगितले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. 'ती चिडली' असे लिहिले असेल, तर तिचे चिडणे आपण पाहिले, की दुसऱ्या स्पर्धकाने मुलाखतीत ते सांगितले, की वाजणाऱ्या संगीताने सुचवले, हे तेथे नोंदवायचे.

एकच तुकडा तीनदा पाहावा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवून पाहावा, म्हणजे पार्श्वसंगीताची सक्ती निघून जाते आणि कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ रेंगाळतो हे दिसू लागते. दुसऱ्यांदा आवाजासह पाहावा. तिसऱ्यांदा पाहताना रागाच्या क्षणाच्या आधीची तीन मिनिटे शोधावीत. ती पडद्यावर असतील तर लिहावीत आणि नसतील तर 'आधीचे दाखवलेले नाही' असे स्पष्ट लिहावे. रिकामी राहिलेली ती जागाच पुष्कळदा सर्वांत बोलकी नोंद असते.

उदाहरणे निवडताना एक जुने, एक गुंतागुंतीचे आणि एक पडताळून पाहता येणारे घ्यावे. जुन्या उदाहरणासाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या 'द ॲप्रेंटिस' मधील ओमारोसा मॅनिगॉल्ट घेता येईल. धंद्यातील चढाओढ हाच ज्या कार्यक्रमाचा विषय, तेथे इतरांची चढाओढ हुशारी म्हणून मांडली गेली आणि तिची मात्र खलनायिकेची गोष्ट झाली. ती मुद्दाम तशी वागत होती, असे गटात कोणीतरी म्हणेलच, आणि ते म्हणणे उडवून लावू नये. त्या भूमिकेमुळे तिचे नाव घरोघरी पोचले आणि तिने त्याचा पुढे पुरेपूर उपयोग केला, हेही खरे आहे.

गुंतागुंतीचे उदाहरण 2005 मधले आहे. 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' मधून बाद झालेली टिफनी रिचर्डसन हसत राहिली आणि कार्यक्रमाची निर्माती व सूत्रधार टायरा बँक्स तिच्यावर जोराने ओरडली. हा तुकडा आजही जगभर गमतीचा म्हणून फिरतो. दोघीही कृष्णवर्णीय आहेत, त्यामुळे 'येथे वर्णाचा प्रश्न कोठे आला' असे विचारले जाते. गटाने येथे सत्तेकडे पाहावे: एकीच्या हातात कार्यक्रम आहे, संकलन आहे, शेवटचा शब्द आहे, आणि दुसरीला काही मिनिटांत घरी जायचे आहे. आमच्या गटातील एका आजींनी तो तुकडा आवाजाशिवाय पाहून सांगितले की, ही पोरगी रडू येऊ नये म्हणून हसते आहे. मला तेच वाचन योग्य वाटते. याच कार्यक्रमात 2006 मध्ये डॅनियल इव्हान्स या कृष्णवर्णीय स्पर्धकावर पुढच्या दातांमधील फट बुजवण्यासाठी दबाव आणला गेला, आणि 2010 च्या पर्वात एका गोऱ्या स्पर्धकाच्या दातांमधील फट मुद्दाम वाढवण्यात आली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की फळ्यावर काही लिहावे लागत नाही.

पडताळून पाहता येणारे उदाहरण म्हणजे आपल्या 'बिग बॉस' सारख्या अमेरिकन 'बिग ब्रदर' चे 2022 चे पर्व. त्या कार्यक्रमात घरातील चित्रण प्रेक्षकांना थेट आणि जवळजवळ अखंड पाहण्याची सोय असते, म्हणजे संकलित भागाशी ताडून पाहायला मूळ घटना उपलब्ध असते. टेलर हेल ही स्पर्धक आक्रमक आहे, असे घरातील काही जण पहिल्या दिवसांपासून एकमेकांना सांगत राहिले, तिला एकटे पाडत राहिले. थेट चित्रण पाहणाऱ्या प्रेक्षकांना मात्र तिच्या वागण्यात तसे काही सापडेना आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडले. पुढे घरातीलच काही जणांनी तिच्या बाजूने गट बांधला, आणि शेवटी 8 विरुद्ध 1 मतांनी ती जिंकली. सेलिब्रिटींची पर्वे वगळता अमेरिकन 'बिग ब्रदर' जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली आणि प्रेक्षकांची सर्वांत आवडती स्पर्धकही तीच ठरली. येथे चौथा रकाना नीट भरला तर दिसते की 'ती आक्रमक आहे' हे वाक्य फिरत होते, पण आक्रमक कृती कोणाच्याच वहीत नोंदलेली नव्हती.

तिसऱ्या बैठकीसाठी एखादा तुकडा आफ्रिकेतील कार्यक्रमाचा ठेवावा. 'बिग ब्रदर नायजा' हा नायजेरियातील कार्यक्रम 2019 मध्ये मर्सी एके हिने जिंकला. तो जिंकणारी ती पहिली स्त्री. तेथे घरातले सगळेच कृष्णवर्णीय असतात, त्यामुळे भांडणारी, भित्री, धूर्त, प्रेमळ, देवभोळी आणि आळशी अशा सगळ्या तऱ्हा त्यांच्यातच वाटल्या जातात. एकीने आवाज चढवला तर ती एकीच चढवते. स्त्री-पुरुष भेद तेथेही आहेच आणि तो वहीत उतरेल, पण वर्णाचे ओझे काढून घेतल्यावर भांडण किती साधे दिसते, हे मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

त्या स्त्रिया काय करतात

हा भाग घाईत उरकू नये. माझ्या अनुभवात मुलींना सर्वाधिक धीर येथेच मिळतो. गटाला आधी विचारावे की, पडद्यावर आपले चित्र वेडेवाकडे उभे केले जात असेल, तर तुम्ही काय कराल. बहुतेक जणी 'सोडून देऊ' म्हणतात. मग प्रत्यक्षात काय काय झाले, ते सांगावे.

काहींनी कार्यक्रमच थांबवला. 2013 च्या सुरुवातीला 'ऑक्सिजन' या अमेरिकन वाहिनीवर शॉटी लो या रॅप गायकाची 11 मुले आणि त्या मुलांच्या 10 आया यांच्यावर एक कार्यक्रम येऊ घातला होता. लेखिका सब्रिना लँब यांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली, हजारो सह्या जमल्या आणि एकही भाग दाखवण्याआधी वाहिनीने तो मागे घेतला. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'व्हीएच1' वाहिनीवर 'सोरोरिटी सिस्टर्स' सुरू झाला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विद्यापीठीय भगिनीसंघटना शंभर वर्षांपासून शिक्षण आणि समाजकार्य करत आल्या आहेत. त्यांच्या सदस्यांना भांडखोर दाखवले गेल्याने या संघटनांतील स्त्रियांनी थेट जाहिरातदारांना पत्रे लिहिली, जाहिराती निघू लागल्या आणि 2015 च्या जानेवारीत उरलेले भाग उरकून कार्यक्रम संपला. जाहिरातदाराला गाठण्याची ही रीत गटाने लक्षात ठेवावी.

या दोन मोहिमांवर माझे मत सारखे नाही आणि ते गटापुढे मी लपवत नाही. पहिलीत लहान मुलांचे आयुष्य तमाशासारखे मांडले जाणार होते, त्यामुळे ती मला पूर्णपणे योग्य वाटते. दुसरीत एक प्रश्न उरतो: सुशिक्षित, प्रतिष्ठित स्त्रियांची बदनामी होते म्हणून जे बळ उभे राहिले, ते पदवी नसलेल्या, मोठ्याने हसणाऱ्या, चकचकीत कपडे घालणाऱ्या स्त्रियांसाठी त्याच वाहिन्यांवर का उभे राहिले नाही? 'चांगल्या घरच्या बायका अशा नसतात' हे उत्तर आपल्याही ओळखीचे आहे, आणि त्यात ज्या घरांना चांगले म्हटले जात नाही त्यांच्या बायका उघड्यावर राहतात.

काहींनी आतूनच वाट काढली. अटलांटा शहरातील श्रीमंत स्त्रियांच्या आयुष्यावरील, 2008 मध्ये सुरू झालेल्या 'द रिअल हाउसवाइव्ज ऑफ अटलांटा' मधील नीनी लीक्स हिने आपल्या तिखट उत्तरांवर नाटक-मालिकांमधील कामे मिळवली. गीतलेखिका कँडी बरस हिने कार्यक्रमातून मिळणाऱ्या प्रसिद्धीचा उपयोग आपल्या उपाहारगृहांसाठी आणि इतर व्यवसायांसाठी केला आणि 14 पर्वांनंतर 2024 मध्ये स्वतःहून निरोप घेतला. पोर्शा विल्यम्स ही नागरी हक्क चळवळीतील नेते होसिया विल्यम्स यांची नात. ब्रिओना टेलर या तरुणीला पोलिसांनी ठार केल्याच्या निषेधात 2020 मध्ये तिला लुईव्हिल येथे अटक झाली, आणि जिला लोक सजण्या-भांडण्यासाठी ओळखत होते तिची वेगळी बाजू त्यांना दिसली.

न्यायालयाचा मार्गही वापरला गेला. नीनी लीक्स यांनी एप्रिल 2022 मध्ये वाहिनी आणि निर्मात्यांवर वर्णभेदाला थारा दिल्याचा आरोप करणारा दावा दाखल केला. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निकाली निघाला आणि पुढे चालला नाही. हे सांगताना अपयशाला झाकू नये. रेचल लिंडसे यांनी दुसरा मार्ग घेतला. 2021 मध्ये त्यांनी घेतलेल्या एका मुलाखतीत 'द बॅचलर' चे सूत्रधार ख्रिस हॅरिसन यांनी एका स्पर्धकाच्या वर्णभेदी छायाचित्रांची पाठराखण केली; त्यावरून गदारोळ झाला आणि काही महिन्यांत हॅरिसन यांना ती जागा सोडावी लागली. लिंडसे त्या मुलाखतीत ओरडल्या नाहीत, प्रश्न विचारत राहिल्या. तरीही त्यांना शिव्याशापांचा इतका मारा सहन करावा लागला की त्यांनी समाजमाध्यमावरील आपले खाते काही काळ बंद ठेवले. शांतपणे बोलले की सन्मान मिळतो, असे मुलींना शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर सांगावा.

शेवटी प्रेक्षक असलेल्या स्त्रिया. कृष्णवर्णीय स्त्रियाच हे कार्यक्रम मोठ्या संख्येने पाहतात, मैत्रिणींसोबत पाहतात, हसतात आणि त्याच वेळी संकलनाची लबाडीही पकडतात. अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हूक्स यांनी 1992 मध्ये कृष्णवर्णीय स्त्री प्रेक्षकांच्या या उलट रोखलेल्या नजरेविषयी लिहिले आहे: पडदा जे पाहायला सांगतो ते न पाहता पडद्यालाच न्याहाळणारी नजर. आपल्याकडे सासू-सुनांच्या मालिका पाहताना बायका नायिकेला नावे ठेवतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी वेळेवर टीव्हीसमोर बसतात. त्या आनंदाला कमी लेखून ही पद्धत राबवता येत नाही. 'असले काय पाहता' असे म्हणणारा मार्गदर्शक गटात असेल तर पुढच्या रविवारी खोली रिकामी राहील.

घराकडे वळताना

तिसऱ्या बैठकीचा उत्तरार्ध आपल्यासाठी ठेवावा. सुरुवात 2007 च्या जानेवारीपासून करावी, जेव्हा ब्रिटनमधील 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' मध्ये शिल्पा शेट्टीच्या उच्चारांची, जेवणाची आणि नावाची टिंगल झाली, नियामक संस्थेकडे 44,500 हून अधिक तक्रारी गेल्या आणि ती जिंकली. तेव्हा आपल्या सर्वांना वर्णभेद लगेच ओळखू आला होता. मग आपल्या भाषेतील कार्यक्रमात गावाकडच्या मुलीच्या बोलण्यामागे गमतीचे संगीत वाजते तेव्हा तो रकाना कोण भरतो, असा प्रश्न ठेवावा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या दिवसांत बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांना आपल्या बायकांच्या डोक्यावरील घागरीच दिसल्या. त्याच बायका टँकरच्या पाळ्या लावत होत्या, भांडणे सोडवत होत्या, नोंदी ठेवत होत्या. आमच्या गटातील लातूरच्या मुलीने हे सांगितले आणि तेव्हापासून मी हा प्रसंग प्रत्येक गटात घेते.

येथे एक दक्षता घ्यावी. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला आणि 1972 मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले, त्यामुळे जात आणि वर्ण यांची तुलना आपल्याकडे सहज सुचते. तुलना जरूर करावी, पण दोन्ही एकच आहेत असे मांडू नये. कृष्णवर्णीय स्त्रीला तिचा रंग लपवता येत नाही. आपल्याकडे आडनाव विचारले जाते, गल्ली विचारली जाते. गटात दलित मुली असतील तर तुलना त्यांच्याकडून येऊ द्यावी. त्यांना उदाहरण म्हणून उभे करू नये. ही चूक माझ्याकडून एकदा झाली आहे आणि त्या मुलीची क्षमा मागितल्यावरही ती पुढच्या बैठकीला आली नाही.

वहीतील नोंदींवरून आपल्या वाहिनीवरील एखाद्या कार्यक्रमाविषयी तक्रार करावी असे गटाला वाटले, तर ती लेखी करावी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रार प्रथम वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते, तिची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यावा लागतो. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येते. पत्रात कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख आणि तो क्षण पडद्यावर नेमका कधी आला ते लिहावे, 'स्त्रियांचा अपमान झाला' एवढ्यावर न थांबता चारही रकाने जसेच्या तसे उतरवावेत, सर्व जणींच्या सह्या घ्याव्यात आणि पत्राची एक प्रत वहीत चिकटवून ठेवावी.